भुकणारं कुत्रं पायजे

(रविवार, सकाळचे अकरा. कोल्हापूरच्या हद्दीबाहेर बेवारस कुत्र्यांचं शेल्टर, त्याचं पत्र्याचं ऑफिस. टेबलाच्या एका बाजूला शेल्टरचं काम बघणारी अवनी, वय सव्वीस. दुसऱ्या बाजूला एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर हंबीरराव, वय बहात्तर.)

अवनी : थांबा, थांबा काका. म्हणजे घरात तुम्ही एकटेच?

हंबीरराव : मग? तेच सांगालोय की मघापास्नं.

अवनी : अहो, पण मी फोनवर विचारलं होतं, घरी कोण कोण असतं. तुम्ही म्हणालात, आम्ही असतो आणि आमची मंडळी असत्यात. मी फॉर्मवर लिहिलंसुद्धा, "एकत्र कुटुंब". हे बघा, माझंच अक्षर.

हंबीरराव : बरोबर हाय. आमी असतो.

अवनी : आम्ही म्हणजे किती जण?

हंबीरराव : आमी म्हंजे आमी. हे काय, तुमच्या म्होरं बसलोय न्हवं?

अवनी : म्हणजे... तुम्ही आणि मी?

हंबीरराव : तुमी न्हवं ओ! आमी!

अवनी : नाही, म्हणजे तुम्ही स्वतःला "आम्ही" म्हणता. एकट्याला.

हंबीरराव : आत्ता कसं! म्याडम, गाव कुठलं म्हणायचं तुमचं?

अवनी : डोंबिवली. लग्न होऊन इथे आले. आठ महिने झाले.

हंबीरराव : तरीच. आवो, हितं एकटा माणूस सुदीक आमीच असतोय. "मी आलो, मी गेलो" म्हणलं की कसं केविलवाणं वाटतंय. कुणीतरी स्टँडवर सोडून गेल्यागत.

अवनी : बरं. आणि मंडळी? मंडळी म्हणजे तरी बरेच जण ना?

हंबीरराव : मंडळी म्हंजे आमची बायको.

अवनी : मग दोघं झालात की! तसं लिहिते मी. हंबीरराव आणि...

हंबीरराव : लिवू नगा. मंडळी गेली. येत्या दिवाळीला दोन वर्सं व्हतील.

अवनी : अरे... सॉरी काका. पण मग फोनवर "असत्यात" असं का म्हणालात?

हंबीरराव : गेलं तोंडातनं. चव्वेचाळीस वर्सं कुणीबी इचारलं की हेच सांगालतो. ड्रायव्हरची जीभ हाय. रस्ता बंद झाला तरी जुन्या वळणालाच वळती.

अवनी : पाणी देऊ?

हंबीरराव : पाणी नगं. कुत्री द्या.

अवनी : तीच तर अडचण आहे. आमचा एक नियम आहे काका. साठीच्या पुढचा माणूस एकटा राहत असेल, तर घरच्या दुसऱ्या कुणाची तरी सही लागते. उद्या तुम्हाला काही... म्हणजे तुम्ही आजारीबिजारी पडलात, तर कुत्र्याला कोण नेणार, हे लिहून द्यावं लागतं.

हंबीरराव : आजारी कशाला, मेलात म्हणा की सरळ. बहात्तराव्या वर्सी त्यात लाजायचं काय?

अवनी : मला नाही म्हणवत.

हंबीरराव : चांगल्या घरची दिसतीस. बरं, पोराची सही चालंल? बेंगलोरला असतोय. सम्राट नाव.

अवनी : चालेल ना. त्याच्या मोबाईलवर फॉर्म पाठवला तरी होतं. पण त्याआधी मला तुम्हाला खरं खरं सगळं सांगितलं पाहिजे. तुम्ही सलग तीन रविवार येताय. इतकी गोड पिल्लं आहेत, त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. सरळ जाऊन ब्राउनीच्या पिंजऱ्यापुढे बसता.

हंबीरराव : कोण भवानी?

अवनी : ब्राउनी. चॉकलेटी रंग आहे ना, म्हणून आमच्या मुलींनी ठेवलं.

हंबीरराव : भवानीच शोभतंय. आवाज ऐकलायसा का तिचा?

अवनी : तेच सांगतेय. ती दोनदा परत आलीय, काका. दोन्ही घरं चांगली होती. पण ही पहाटे उठते आणि घरातलं माणूस उठून तिच्यासमोर येईपर्यंत भुंकत बसते. थांबतच नाही. तुम्ही रागावा, बिस्किट टाका, काही करा. माणूस दिसला की गप्प. मग दिवसभर आवाज नाही.

हंबीरराव : आन् माणूस न्हाईच आला तर?

अवनी : तर भुंकतच राहते. इथे एकदा आमचा सकाळचा माणूस उशिरा आला, तर ही दोन तास भुंकत होती. घसा बसला तिचा.

हंबीरराव : दोन तास.

अवनी : हो ना. शिरोळकडच्या महापुरात सापडलीय ती. एका घराच्या गच्चीवर अडकली होती. बोटवाले लांबून चालले होते, हिच्या आवाजावर वळले. तेव्हापासून हे असं आहे, असं आमचे डॉक्टर म्हणतात. आता जाणार नाही ते.

हंबीरराव : जायाला नगंच. मला सांगा, दोन घरं सोडून आवाज जातोय का?

अवनी : दोन घरं?

हंबीरराव : म्हंजे बगा, आमचं घर गल्लीच्या टोकाला. एका अंगाला मोकळी जागा. दुसऱ्या अंगाला चिमणाबाई, ती कानानं जरा कमी. त्याच्या पलीकडं पाटलाचं घर. पाटलाच्या घरात ऐकू जाईल का?

अवनी : पाटलांच्याच काय, पुढच्या चौकात ऐकू जाईल. पण काका, लोक उलटं विचारतात. कमी भुंकणारं आहे का, शांत आहे का.

हंबीरराव : लोकांचं लोकांपाशी. दार लावून घेतलं तरी जातोय न्हवं आवाज?

अवनी : जातो. पण तुम्हाला एवढं भुंकणारं कुत्रं कशाला हवंय?

हंबीरराव : चोराचं भ्या.

अवनी : काय आहे घरात चोरण्यासारखं?

हंबीरराव : टीव्ही हाय. पोरानं घिऊन दिलाय, ह्या भिंतीएवढा. आमाला लावाय येत न्हाय ते सोडा.

अवनी : काका, तुम्ही काहीतरी लपवताय. आणि गेल्या रविवारी तर म्हणालात, मुलानं लॅब्रेडॉर ठरवलाय म्हणून. त्याचं काय झालं?

हंबीरराव : त्येचं काय व्हायचंय? आज पाचला येतोय. सांगलीचा माणूस घरपोच आणून देणार. हा बगा फोटू.

अवनी : अगं बाई! किती गोड!

हंबीरराव : गोड तर हायच. आमी सांगलीला जाऊन बघून आलो. हातात घेतलं तर मनगट चाटालं. अंगाला दुधाचा वास. खोटं कशाला बोलू, जीव गुंतला तिथंच. आन् कागुद बगा त्येचं. बाचं नाव, आईचं नाव, आज्याचं नाव, समदं इंग्लिशमधी. आमच्या पणज्याचं नाव आमाला ठाव न्हाय, आन् ह्येच्या पणज्याला मेडल मिळालंय!

अवनी : मग घ्या ना तेच. मी शेल्टरची आहे म्हणून लॅबला वाईट म्हणणार नाही. लळा लावणारं कुत्रं असतं. घराला शोभा येते. फक्त चोर आला तर त्यालाही शेपटी हलवून आत घेईल.

हंबीरराव : तेच तर. सांगलीचा माणूस फुशारकीनं सांगालता, "मामा, ह्याची आई गेल्या सहा म्हैन्यांत भुकलेली न्हाय." आमी मनात म्हणलं, झालं कल्याण!

अवनी : मग मुलाला सांगा की लॅब नको.

हंबीरराव : कसं सांगू? ते आमच्यासाठी न्हाय, संयूसाठी हाय. संयोगिता, आमची नात. नऊ वर्साची. तिला लॅबच पायजे. फोनवर म्हणली, "आबा, लॅब आला की मी मे महिनाभर तुमच्याकडेच राहणार." म्हैनाभर! गेल्या दिवाळीला आली ती दीड दिवस राहिली. त्यातला अर्धा दिवस जोतिबाला जाण्यात गेला.

अवनी : म्हणजे लॅब घेतला तर नात येणार.

हंबीरराव : व्हय. आन् भवानी घेतली तर... ती कशाला येती? पाटलाच्या पोराकडनं फोटू धाडला हुता भवानीचा. "ई, आबा, हिचा कान तुटलाय" म्हणली. लेकरूच हाय. म्हणून म्हणतो, दोन्ही घेतो. लॅब संयूसाठी, भवानी आमच्यासाठी.

अवनी : दोन्ही नाही जमणार, काका. दोन महिन्यांचं पिल्लू आणि ही, दोन खोल्यांत? पिल्लाला रात्रंदिवस लक्ष लागतं. आणि ब्राउनीला घरात दुसरं कुत्रं खपत नाही, हेसुद्धा फॉर्मवर लिहिलंय. एक काहीतरी ठरवावं लागेल.

हंबीरराव : आजच?

अवनी : तुमचं पिल्लू पाचला येतंय म्हणताय ना?

हंबीरराव : व्हय की. आयला, ह्यापरीस घाटातनं एस.टी. काढणं सोपं. बरं, लावतो फोन. संयू मे म्हैन्यात नक्की येणार असली तर लॅब. संपला इषय. तुमची भवानी तुमच्यापाशी.

अवनी : आणि नाही आली तर?

हंबीरराव : येणार हाय ती. शब्द दिलाय. ह्ये जरा मोठ्यानं ऐकू येईल असं करून द्या. आमाला बटणं सापडत न्हाईत ह्येची.

सम्राट (फोनवर) : हॅलो, हां आबा, बोला. आलं का पिल्लू?

हंबीरराव : पाचला येणार हाय. तू काय करालाइस?

सम्राट : मीटिंग आहे पाच मिनिटांत. रविवारीसुद्धा सोडत नाहीत. मी संध्याकाळी करणारच होतो तुम्हाला फोन. बरं आहे ना सगळं?

हंबीरराव : बरं हाय. एक इचारायचं हुतं. संयू मे म्हैन्यात नक्की येणार न्हवं?

सम्राट : मेमध्ये... आबा, त्याचं असं झालंय, तिचा स्विमिंगचा कॅम्प आहे पंधरा दिवस. आणि त्याच्यानंतर स्वप्नालीच्या ऑफिसमधले सगळे फॅमिलीसकट व्हिएतनामला चाललेत. तिकिटं झाली परवा.

हंबीरराव : ती तर म्हणली हुती म्हैनाभर राहणार.

सम्राट : लहान आहे ती, बोलते. पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. ऑक्टोबरमध्ये येणारच आहोत ना आम्ही, लॅबला घ्यायला.

हंबीरराव : घ्यायला म्हंजे?

सम्राट : न्यायला. मी बोललो नव्हतो का? नवीन घराचा ताबा सप्टेंबरमध्ये मिळतोय. खाली छोटीशी बाग आहे. तोपर्यंत पाच-सहा महिने पिल्लू तुमच्याकडे वाढेल, शी-शू बाहेर करायला शिकेल. इथं आम्ही दोघंही दिवसभर बाहेर, कोण बघणार? आणि तुम्हालाही सोबत होईल तेवढीच. संयूला कसं वाढवलंत तुम्ही आणि आईनं, तसंच.

हंबीरराव : तसंच. व्हय.

सम्राट : आबा? आवाज जातोय का?

अवनी : काका, बसा. खुर्चीत नीट बसा. पाणी घ्या.

सम्राट : कोण आहे तिथं? आबा, कुठं आहात तुम्ही?

हंबीरराव : कुत्र्यांच्या हितं आलोय. ते बेवारशी कुत्री सांभाळत्यात तिथं. हिथल्या बाई हाईत.

सम्राट : शेल्टरमध्ये? कशाला?

हंबीरराव : सम्राट, सांगलीच्या माणसाला फोन कर. म्हणावं, पिल्लू आणू नको.

सम्राट : काय? अहो, संयूनं नाव ठेवलंय त्याचं!

हंबीरराव : नाव ठेवलंय तर तिला वाढवू दे. त्येचं मुताचं फडकं तिला धरू दे. तवा कळतंय कुत्रं काय असतंय ते.

सम्राट : आबा, तुम्ही चिडलाय. मेचं सांगितलं म्हणून.

हंबीरराव : चिडलो न्हाय रं. ऐक माझं. मीटिंग राहू दे जरा. संयू तीन वर्सं आमच्यापाशी हुती. तुमच्या दोघांच्या नोकऱ्या, आमी हौसेनं सांभाळली. न्यायला आलास तवा तुझं बरोबरच हुतं, लेकरू आईबापापाशीच पायजे. आमी हसून गाडीत ठेवली. पण तुला एक कधी सांगितलं न्हाय. त्येच्या पुढं वर्सभर तुझी आई सांज झाली की दूधभात कालवायची. मऊ, गोळ्या मोडून. कालवून झाला की ध्यानात यायचं तिच्या. मग वाटी घिऊन गल्लीतल्या कुत्र्यांस्नी घालून यायची आन् पाठ करून झोपायची. तवा सोसायला दोघं हुतो. आता आनी एक तान्हं वाढवायचं, त्येला आपल्या पायात घोटाळायची सवय लावायची, आन् ऑक्टोबरला तुझ्या गाडीत ठेवायचं. ते माझ्यानं हुयाचं न्हाय, बाबा. मी एकटा हाय. माझ्यानं न्हाय व्हायचं.

सम्राट : ...आबा, आई असं करायची?

हंबीरराव : जाऊ दे. झालं गेलं. आता दुसरं सांगतो. हितं एक कुत्री हाय. सहा वर्साची, एक कान तुटलेला. ती आमी घरी न्यायची म्हणतोय. तुझी सही लागती.

सम्राट : माझी कशाला?

अवनी : नमस्कार, मी अवनी. काका एकटे राहतात ना, म्हणून आमच्याकडे दुसऱ्या कुणाची तरी हमी लागते. काकांना ती सांभाळणं शक्य झालं नाही, तर पुढे तिची जबाबदारी तुमची, असं लिहून द्यायचं असतं.

सम्राट : हे बघा मॅडम, मला कुत्र्यांबद्दल काही नाही. पण कशी आहे ती? चावते वगैरे?

अवनी : चावत नाही. पण भुंकते. पहाटे उठून भुंकते, माणूस समोर येईपर्यंत. त्याच्यावरून दोन घरांतून परत आलीय. हे मी काकांनाही सांगितलंय.

सम्राट : आबा! ऐकलंत ना? रस्त्यावरचं कुत्रं, वर भुंकणारं, दोन घरांनी परत केलेलं. एवढ्या चांगल्या जातीचं घरपोच येतंय ते नको, आणि हे हवंय? लोक हसतील. कशासाठी हा हट्ट?

हंबीरराव : भुकती म्हणूनच पायजे.

सम्राट : म्हणजे?

हंबीरराव : गुंडू मास्तर आठवतोय का तुला?

सम्राट : गुंडू मास्तर... तिसरीला होते आम्हाला. गेले ना ते? तुम्ही सांगितलं होतं, शिमग्याच्या सुमाराला गेले म्हणून.

हंबीरराव : गेला, एवढंच सांगितलं. कसा गेला ते न्हाय सांगितलं. मास्तर दोन दिवस घरात पडून हुता.

सम्राट : काय?

हंबीरराव : मोरीच्या दारात. आमी रोज सकाळी त्येच्या दारावरनं फिराय जातो. पहिल्या दिवशी दुधाची पिशवी दारात दिसली. म्हणलं, म्हातारा झोपला असंल. दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या. म्हणलं, मास्तर इचलकरंजीला लेकीकडं गेलाय आन् दूधवाल्याला सांगायचं इसरलाय. नासंल म्हणून दुसरी पिशवी आमी उचलून घरी आणली.

अवनी : अरे देवा.

हंबीरराव : चहा केला त्येचा. आलं घालून. दोन कप प्यालो. तिसऱ्या दिवशी वास सुटला तवा पाटलाच्या पोरानं दार मोडलं. सम्राट, ज्या माणसाच्या मढ्यावरनं मी गेलो, त्येच्याच दुधाचा चहा केला मी. तेव्हापास्नं घरात दूध आणाय बंद केलंय. कोराच पितो.

सम्राट : आबा, हे मला का नाही सांगितलंत तुम्ही?

हंबीरराव : कवा सांगायचं? तू दर रविवारी फोन करतोस. "बरं आहे ना सगळं" म्हणतोस. आमी म्हणतो, बरं हाय. मग तू म्हणतोस ठेवतो, आमी म्हणतो ठेव. तुझी चूक न्हाय, पोरा. रविवार तू एकबी चुकवला न्हाईस. पण रविवारी फोन झाला, आन् सोमवारी काय झालं, तर पुढच्या रविवारपातूर कुणाला कळायचं?

सम्राट : असं बोलू नका.

हंबीरराव : मोजलंय मी. सहा दिवस. मास्तर तरी दोन दिवसात सापडला. त्येचं दूध येत हुतं.

सम्राट : आबा, तुम्ही इकडं या. आजच. मी तिकीट काढतो. किती वेळा म्हटलंय तुम्हाला.

हंबीरराव : आलतो की. अठरा दिवस काढले. तुमी समदी सकाळी आठला जायाचा ते रात्री आठला याचा. लिफ्टमधी एक म्हातारा भेटायचा रोज. आमाला कानडी येईना, त्येला मराठी. एकवीस मजले दोघं आकडे बघत उभा राहायचो. हितं निदान चिमणाबाई भांडती तरी.

सम्राट : मी रोज फोन करीन. रोज सकाळी. प्रॉमिस.

हंबीरराव : करशील. पंधरा दिवस करशील. मग एखादी मीटिंग येईल, एखादं पोरीचं आजारपण येईल. चुकलास तर तुला वाईट वाटणार, आन् तू चुकलास म्हणून आमी दिवसभर फोनपाशी बसणार. त्यापरीस हे बरं हाय. ह्या कुत्रीला दुसरा धंदाच न्हाय. माणूस उठून समोर आलं न्हाय की ती भुकती. दोन-दोन तास भुकती. गल्लीत एकालाबी झोपू देणार न्हाय. कुणीतरी कावून येईलच की बघाय.

अवनी : फोन चालू आहे, काका. कट नाही झालाय.

हंबीरराव : रडालाइस काय, लेका? मीटिंग हाय न्हवं तुझी?

सम्राट : नाही. नाही जात मीटिंगला. मॅडम, तो फॉर्म पाठवा मला. ह्याच नंबरवर.

अवनी : हा पाठवला. सगळं नीट वाचून सही करा. काकांच्या नंतर... म्हणजे तशी वेळ आली, तर तिला तुम्हाला न्यावं लागेल. परत इथे आणून सोडता येणार नाही.

सम्राट : वाचलं. नेईन मी.

हंबीरराव : सोसायटीवाले वरडतील तुझ्या. भुकती ती.

सम्राट : ओरडू देत. आबा, संयूला काय सांगू?

हंबीरराव : सांग, नवीन घर झालं की तुझा लॅब सरळ तुझ्याकडंच येणार. आन् व्हिएतनामवरनं आली की तिला फोन दे कवातरी. तू न्हाय, ती. सुट्टी पडल्यावर कुणाकडं कुत्रं हाय, कुणाकडं न्हाय, ते बघून याचं नसतंय आजाकडं, एवढं तिला हळूच सांग. वरडू नको. ठेव आता.

सम्राट : आबा...

हंबीरराव : ठेव. बरं हाय सगळं.

अवनी : ठेवला त्यांनी. थांबा, दोन मिनिटं... आली सही. झालं काका. हे घ्या लसीचं कार्ड. पुढची तारीख लिहिलीय. आणि हा पट्टा. पहिले चार दिवस घरातही सैल बांधून ठेवा, घाबरते नव्या जागेला.

हंबीरराव : काय घालू खायला?

अवनी : भाकरी चालते, भात चालतो, अंडं आवडतं. दूध मात्र... तुम्ही आणत नाही ना.

हंबीरराव : आणीन की. तिचा काय गुन्हा हाय?

अवनी : काका, मला वाटलं होतं, तुम्हाला सोबत हवीय म्हणून नेताय.

हंबीरराव : सोबतबी हुईल. पण ते वरचं. आदी एवढं झालं की बास.

अवनी : मी येऊन जात जाईन मधूनमधून. आमच्यात तसंही बघायला जावं लागतं, कुत्रं नीट आहे का.

हंबीरराव : या की. कुत्रीला बघाय या. आमी कोरा चहा चांगला करतो. तुमच्या डोंबिवलीत कुणी प्याला नसंल असला गुळाचा.

अवनी : नक्की येते. एक शेवटचं विचारू? शेजारी तक्रार करतील, काका. मागच्या दोन्ही घरांत तेच झालं. पहाटे पाचला गल्ली जागी करणारं कुत्रं कोण खपवून घेईल?

हंबीरराव : चिमणाबाईला आन् पाटलाला सांगूनच आलोय सकाळी.

अवनी : काय सांगितलंत?

हंबीरराव : म्हणलं, एखाद्या वक्ती कुत्री आणीन मी. पाचला आमी उठतो, तिच्या म्होरं जातो, ती गप बसंल, तुमची झोप मोडायची न्हाय. पण एखाद्या दिवशी भुकायची थांबलीच न्हाय, तर हाड हाड करू नगा, दगुड उचलू नगा. सरळ आत या.

अवनी : आणि दार आतून बंद असलं तर?

हंबीरराव : नसतंय. मास्तर गेल्यापास्नं कडी लावायची सोडलीया.